फटीची रुंदी

शब्दांखेरीज दुसऱ्या कोणत्याही अवजाराला हात लावण्याची आम्हांस सवय नाही. घरातला फ्यूज उडाला तर वायरमनची वाट पाहत अंधारात बसून राहणारी आमची जात. तेव्हा आम्ही एक यंत्र तयार केले, आणि तेही सूर्यप्रकाशाचे पृथक्करण करणारे, असे सांगितले तर परिचितांना हसू येईल. पण ते यंत्र आज आमच्या टेबलावर, शब्दकोशांच्या शेजारी, काळ्या कागदाने मढवलेल्या बुटांच्या खोक्याच्या रूपात विराजमान आहे, आणि त्याने आमचेच एक छापील वाक्य आम्हांला मागे घ्यायला लावले आहे. प्रस्तुत लेख त्या वाक्याविषयी आहे.

वाक्य असे होते: '१८६८ साली आपल्या कोकणातल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने सूर्यावरील हेलियमचा शोध लावला.' कोकणातील स्थळे आणि साहित्य यांविषयीच्या आमच्या एका जुन्या लेखात ते आले होते. हे वाक्य आम्ही कुठून घेतले? कुठूनच नाही, ते हवेतच होते. किल्ल्यावरचे दगडी ओटे 'साहेबाचे ओटे' म्हणून पर्यटकांना दाखवले जातात, १८ ऑगस्टला तेथे 'हेलियम दिन' साजरा होत आलेला आहे, आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून ही हकीकत दरवर्षी नव्याने छापून येते. संदर्भ शोधावा असे मनात येण्याइतकी शंकाच कधी आली नाही. शिवाय वाक्य सुरेख होते. मराठ्यांचा जलदुर्ग आणि सूर्यावरचे मूलद्रव्य ही दोन टोके एका ओळीत आणण्याचा मोह कोणत्या लेखकाला आवरेल?

तो लेख एम. ए.च्या वर्गात वाचला जात असताना मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग तो हेलियम आपल्यालाही दिसेल का? सूर्य तर तोच आहे."

आम्ही अध्यापकी उत्तर दिले. 'त्यासाठी विशेष उपकरणे लागतात' वगैरे. उत्तर दिल्याबरोबर त्यातला पोकळपणा आम्हांलाच ऐकू आला. उपकरण कोणते, ते करते काय, हेलियम 'दिसतो' म्हणजे नेमके काय दिसते, यांपैकी आम्हांला काहीच ठाऊक नव्हते. तरीही दहा वर्षांपूर्वी आम्ही ते वाक्य छापले होते आणि त्यानंतर ते वर्गात शिकवीतही आलो होतो.

त्या सुट्टीत ही हकीकत आम्ही भाच्याला सांगितली. तो अभियांत्रिकीचा. त्याने खणातून एक रास्पबेरी पाय काढून आमच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "मामा, हा माझा पडूनच आहे. तुम्हीच करा ना वर्णपटमापक. पाहिजे तिथं मी सांगतो." पत्त्याएवढ्या पाटीवरचा हा अख्खा संगणक. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावे म्हणून इंग्लंडमध्ये तो तयार झाला आणि २०१२ साली पस्तीस डॉलरांना बाजारात आला. कॅमेऱ्याची छोटी चकती त्याला चपट्या फितीने जोडता येते. बाकीचे साहित्य आम्ही स्वतः जमवले: बुटांचे खोके, काळा कार्डपेपर, दाढीची दोन ब्लेडे, चिकटपट्टी आणि विवर्तन जालकाचा एक तुकडा.

या जालकाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. पारदर्शक पट्टीवर अतिशय जवळजवळ समांतर रेघा असल्या, की तीतून जाणारा प्रत्येक रंग आपापल्या कोनात वळतो. मिलिमीटरला हजार रेघा असतील तर पाऱ्याच्या दिव्यातला निळा प्रकाश सुमारे २६ अंशांतून वळतो आणि हिरवा ३३ अंशांतून. हायड्रोजनचा तांबडा ४१ अंशांपर्यंत जातो. प्रारंभी आम्ही पैसे वाचवण्यासाठी जुन्या डीव्हीडीचा पापुद्रा सोलून वापरला होता. तिच्यावरील खाचांमध्ये ०.७४ मायक्रोमीटरचे अंतर असते, म्हणजे मिलिमीटरला साधारण १,३५० खाचा. तत्त्वतः उत्तम, पण त्या खाचा गोलाकार जातात, त्यामुळे वर्णपटही वाकडा उमटला. शेवटी जालकाची तयार फिल्म मागवली. ब्लेडांच्या धारा समोरासमोर ठेवून फट केली, ती खोक्याच्या एका टोकाला बसवली, दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्याच्या भिंगापुढे फिल्म चिकटवली आणि कॅमेरा तेवढ्या कोनात तिरका केला. तीन रविवार गेले. बोटे दोनदा कापली.

पुढचे काम संगणकाचे. चित्रातील प्रत्येक उभ्या स्तंभाची उजळी मोजायची आणि तिचा आलेख काढायचा. त्यासाठी पायथनच्या तीस-चाळीस ओळी पुरल्या. त्या ओळी लिहिताना आम्हांला व्याकरणाच्या परीक्षेची आठवण झाली. येथेही एका विरामचिन्हाने सारा अर्थ बिघडतो, फरक इतकाच की येथे परीक्षक तत्काळ सांगतो.

पहिला धडा कॅमेऱ्याने दिला. कॅमेरा हा प्रामाणिक साक्षीदार नसून भाष्यकार आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते. चित्र माणसाला बरे दिसावे म्हणून तो पांढऱ्याचा तोल सावरतो, अंधार वाटला तर उजेड वाढवतो आणि प्रत्येक वेळी वेगळा वाढवतो. एकाच दिव्याचे सकाळचे आणि संध्याकाळचे आलेख जुळेनात. भाच्याने फोनवर सांगितले, "मामा, आधी सगळं ऑटो बंद करा." बंद केले. चित्र कुरूप झाले. आलेख मात्र जुळू लागले.

दुसरा धडा मापनाचा. पडद्यावर दिसतात ते बिंदूंचे अनुक्रमांक. कितवा बिंदू म्हणजे किती तरंगलांबी, हे यंत्राला आपोआप कळत नाही. त्यासाठी ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रकाश दाखवावा लागतो. अडगळीतला एक जुना सीएफएल दिवा कामी आला. त्यातील पारा ४३५.८ नॅनोमीटरला निळी आणि ५४६.१ नॅनोमीटरला हिरवी रेषा देतो. या दोन खुणांवरून आम्ही सरळ पट्टी आखली आणि तिसऱ्या खुणेवर, म्हणजे त्याच दिव्याच्या लेपातील युरोपियमच्या ६११ नॅनोमीटरच्या तांबड्या रेषेवर, ती पडताळून पाहिली. पट्टी चुकली. कोन आणि तरंगलांबी यांचे नाते सरळ रेषेचे नसते. पट्टीला किंचित वळण द्यावे लागते. दोन पुराव्यांवर उभा राहिलेला सिद्धांत तिसऱ्या पुराव्यासमोर वाकतो, हे आम्ही संशोधनपद्धतीच्या तासाला कितीदा तरी सांगितले असेल. स्वतःच्या टेबलावर ते घडताना पाहणे निराळे.

तिसरा धडा सर्वांत लाजिरवाणा. पांढऱ्या कागदावर पडलेले ऊन खोक्याच्या फटीसमोर धरून (सूर्याकडे थेट पाहू नये, कॅमेऱ्यानेही नाही) पहिला सौर वर्णपट घेतला, तेव्हा त्यात हिरव्या भागात एक ठळक उंचवटा होता. कोणत्याही कोष्टकात सूर्याची अशी उजळ रेषा सापडेना. अर्धा तास आम्ही शोधाच्या आनंदात होतो. मग आकडा पुन्हा वाचला: ५४६. हा तर पारा. खोलीतली ट्यूबलाइट चालू होती आणि झाकणाच्या फटीतून तिचा प्रकाश खोक्यात शिरत होता. दिवा मालवला, रेषाही मालवली. आपल्या खोलीतला उजेड दुसऱ्याच्या संहितेत वाचणे हा समीक्षेतला सर्वांत जुना दोष. तो आम्ही इतरांच्या प्रबंधांत लाल शाईने दाखवत आलो आहोत.

झाकण नीट बसवले, कडांना काळी पट्टी लावली आणि फट अधिक अरुंद केली. मग एका सकाळी, पन्नास चित्रांची सरासरी काढल्यावर, ते दिसले. जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतच्या अखंड पट्ट्यात खाचा पडलेल्या होत्या. ४८६ ला एक, ५१७ च्या आसपास एक, ५८९ ला एक, ६५६ ला एक. या फ्राउनहोफर रेषा. म्युनिकच्या काचकारखान्यात उमेदवारी केलेल्या, अकराव्या वर्षापासून अनाथ असलेल्या योसेफ फ्राउनहोफरने १८१४ च्या सुमारास त्या पाचशेहून अधिक मोजल्या होत्या. भिंगाची काच पारखण्यासाठी त्याला रंगपट्ट्यात स्थिर खुणा हव्या होत्या. रेषा का पडतात हे त्याला सांगता आले नाही. ते कोडे १८५९ मध्ये किरखोफ आणि बुन्सेन यांनी सोडवले: प्रत्येक काळी रेषा म्हणजे सूर्याच्या वातावरणातील एखाद्या मूलद्रव्याने गिळलेला प्रकाश. ४८६ आणि ६५६ या हायड्रोजनच्या, ५१७ ची मॅग्नेशियमची, ५८९ ची सोडियमची.

सोडियमची खात्री स्वयंपाकघरात करता आली. गॅसच्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकले. ज्योत पिवळी झाली आणि आलेखावर ५८९ च्या जागी सुळका उभा राहिला. जेथे सूर्यात खाच होती, नेमक्या तेथेच. डिसेंबर १८१७ मध्ये लंडनमधल्या एका जेवणाच्या टेबलावर कीट्स आणि चार्ल्स लॅम्ब यांचे एकमत झाले होते, की न्यूटनने इंद्रधनुष्याचे काव्य नष्ट केले. ही हकीकत आम्ही वर्गात रंगवून सांगतो. त्या सकाळी, मिठाचा डबा हातात असताना, आम्हांला ते मत प्रथमच घाईचे वाटले. गळालेल्या अक्षरांवरून हस्तलिखिताचे मूळ शोधावे तसे येथे गळालेल्या प्रकाशावरून सूर्य वाचता येत होता.

पण विद्यार्थिनीचा प्रश्न सोडियमचा नव्हता. हेलियमची रेषा ५८७.६ नॅनोमीटरला असते. आम्ही तेथे पाहिले. तेथे काहीच नव्हते. पुन्हा फट बदलली, पुन्हा सरासरी काढली. काहीच नाही.

हे 'काहीच नाही' समजून घ्यायला आम्हांला यंत्र बांधण्याहून अधिक दिवस लागले. त्याची कारणे दोन निघाली. पहिले सूर्याकडचे. सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे चतुर्थांश हेलियम आहे. परंतु त्याच्या दृश्य पृष्ठभागाच्या साडेपाच हजार अंश सेल्सियस तापमानात हेलियमचे अणू पिवळा प्रकाश गिळण्याच्या अवस्थेत जवळजवळ जातच नाहीत. म्हणून रोजच्या उन्हात ही रेषा आमच्यासारख्याला सापडणे नाही. ती उजळते सूर्याच्या कडेवर, पृष्ठभागाच्या वरच्या तप्त थरात आणि तेथून उसळणाऱ्या ज्वालांत. हा थर एरवी बिंबाच्या झगझगाटात हरवतो आणि चंद्राने बिंब झाकले की प्रकट होतो. १८६८ च्या कथेत ग्रहण का आहे, ते आम्हांला तेव्हा कळले. तोवर ते आमच्या लेखी केवळ नाट्यमय पार्श्वभूमी होते.

दुसरे कारण आमच्याकडचे. सोडियमची रेषा वास्तविक जोडरेषा आहे: ५८९.० आणि ५८९.६. आमच्या आलेखात ती एकच खाच दिसते. पाऱ्याच्या दिव्यातही ५७७ आणि ५७९ या दोन पिवळ्या रेषा आमच्या यंत्रात एकच उंचवटा होतात. दोन रेषांतले अंतर तीन नॅनोमीटरांहून कमी असेल तर आमची फट त्यांना एक करून टाकते. हेलियमची रेषा सोडियमपासून अवघ्या १.४ नॅनोमीटरवर आहे. म्हणजे ती उजळून समोर आली असती, तरी आम्ही तिला सोडियमच म्हटले असते. फट आणखी अरुंद करावी, तर प्रकाश इतका मंदावतो की आलेखात खरखरीखेरीज काही उरत नाही. रुंद फट उजळ चित्र देते. अरुंद फट खरे, पण अंधुक देते.

येथवर आल्यावर आम्ही १८६८ ची हकीकत प्रथमच नीट वाचली. १८ ऑगस्टचे ते खग्रास ग्रहण पाहण्यासाठी भारतात अनेक निरीक्षक पसरले होते. फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन गुंटूरला होता, पोग्सन मच्छलीपट्टणला, धाकटा जॉन हर्शेल जमखिंडीला. ज्वालांच्या वर्णपटात पिवळी रेषा अनेकांना दिसली, आणि त्यांतील काहींनी ती सोडियमची मानली. आम्ही ती चूक पाहून हसलो असतो. पण आमचे खोके समोरच होते. झान्सेनला मात्र त्या रेषा इतक्या तेजस्वी वाटल्या की ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील असे त्याच्या ध्यानी आले, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने त्या पाहिल्या.

आणि लॉकियर? लॉकियर इंग्लंडमध्ये होता. त्याचा नवा वर्णपटदर्शक त्याला ऑक्टोबरात मिळाला; २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याने घरच्या दुर्बिणीतून, ग्रहणावाचून, त्याच ज्वालांच्या रेषा पाहिल्या. त्याचे आणि झान्सेनचे पत्र पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच दिवशी वाचले गेले. पिवळी रेषा सोडियमच्या जागी नाही, तिच्या शेजारी आहे, आणि पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात पदार्थाशी ती जुळत नाही, हे पुढे लॉकियरने लावून धरले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात द्रव्याला हेलियम म्हटले गेले. १८९५ मध्ये विल्यम रॅम्सेला ते लंडनमध्ये एका खनिजातून निघालेल्या वायूत सापडले.

मग विजयदुर्ग? विजयदुर्गही खोटा नाही. लॉकियर तेथे खरोखर आला होता. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, मोठी तुकडी घेऊन. 'मेल्पोमेनी' या ब्रिटिश युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी त्याच्या मदतीला होते. (शोकात्मिकेच्या देवतेचे नाव धारण करणाऱ्या नौकेने ग्रहण पाहायला यावे, हा तपशील आम्हांला रचूनही सुचला नसता.) पण तोवर हेलियमचा शोध लागून गेला होता, तो पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षे झाली होती.

म्हणजे आमच्या वाक्यातला प्रत्येक शब्द कुठे ना कुठे खरा होता. १८६८ खरे, ग्रहण खरे, भारत खरा, लॉकियर खरा, विजयदुर्ग खरा. खोटी होती ती त्यांची एकरूपता. तीस वर्षांच्या अंतराने असलेल्या दोन रेषा आमच्या रुंद फटीतून एकच उजळ रेषा म्हणून उमटल्या होत्या. लोककथेवर आमचा राग नाही. ती ओट्यांवर बसून सांगितली जाते आणि तिचे काम ती करते. आमची फट मात्र अरुंद असायला हवी होती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जुळवून पाठ शुद्ध केला, हे आम्ही दरवर्षी परीक्षेत विचारतो. त्या कामातली कसोटी हीच, की 'जवळपास तेच' आणि 'तेच' यांत भेद करावा. हेलियमही त्याच भेदातून हाती लागला.

आणखी एक नुकसान आम्हांला उशिरा उमगले. १८९८ च्या त्याच ग्रहणाचे निरीक्षण जेऊर येथे, आजच्या सोलापूर जिल्ह्यात, एका पुणेकराने केले होते: कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचा हा संचालक स्वतः वर्णपटांचा अभ्यासक होता. त्याचा जेऊरचा अहवाल १९०२ मध्ये मुंबईत छापला गेला. १९१२ मध्ये तो निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. अभिमानच बाळगायचा तर तो येथे बाळगण्याजोगा होता. आम्ही मात्र साहेबाने न लावलेला शोध किल्ल्यावर आणून बसवला, आणि ज्याने येथे राहून, येथील यंत्रावर, खरोखर काम केले त्याचे नावही आमच्या लेखात नव्हते. उसन्या उजेडात घरचा दिवा दिसत नाही.

सुट्टीनंतर खोके वर्गात नेले. खिडकीतल्या उन्हात आलेख दाखवला, मिठाची ज्योत दाखवली आणि ५८७.६ पाशी काहीच नाही तेही दाखवले. मग फळ्यावर आमचे जुने वाक्य लिहिले आणि सगळी हकीकत सांगितली. अध्यापकाने स्वतःचे छापील वाक्य फळ्यावर खोडणे वाटते तितके सोपे नाही. खडू हातात असतो आणि वर्ग शांत असतो. त्या विद्यार्थिनीने खोक्यात वाकून पाहिले आणि विचारले, "सर, मग हेच छापा ना. की दिसला नाही म्हणून."

त्या जुन्या लेखाच्या प्रती आता कोणाकोणाकडे असतील त्या असोत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते वाक्य कृपया खालीलप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे. ते पूर्वीइतके सुरेख नाही, याची आम्हांस जाणीव आहे.

'१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात भारतात अनेकांना सूर्याच्या कडेवर एक पिवळी रेषा दिसली, आणि काहींना ती सोडियमची वाटली. ती सोडियमची नाही हे इंग्लंडमधून पाहणाऱ्या नॉर्मन लॉकियरने पुढे दाखवले. तो विजयदुर्गावर आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि त्याच दिवशी जेऊरला पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे लावून उभे होते.'